पिलांचा साष्टांग नमस्कार

भेस्तानच्या त्या गल्लीत रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. उधन्याचे लूमवाले आले होते, कामरेजहून एक अख्खं कुटुंब टेम्पो करून आलं होतं, आणि प्रत्येकाच्या काखेत एक साडी होती. सुरतेत साडीला काय तोटा? कुणाची डाग पडलेली, कुणाची काठ उसवलेली, सगळा सेकंडचा माल. पण चढवायची म्हणून कडक इस्त्री करून आणलेली. आणि ही गर्दी कुणाच्या दर्शनाला? कोंबडीच्या पिलांच्या!

उषाबाईच्या पत्र्याच्या खोलीत जमिनीवर पत्र्याचंच एक गोल कडं उभं केलं होतं. आत भाताचं तूस, तुसावर आठ दिवसांची पिलं आणि वरून लोंबणारा दोनशे वॅटचा बल्ब. बल्बच्या वायरीला फोकसबाबाचा फोटो बांधलेला. फोटोच्या बरोबर खाली पिलांच्या दाण्याची थाळी. कड्याच्या भोवती आणि वर साड्यांवर साड्या पडल्या होत्या. आत डोकावायला एक फट तेवढी उरली होती.

"दर्शन घ्या, दर्शन घ्या!" पाटावर बसलेला फोकसबाबा ओरडला. अंगावर भगवी शाल, उजवा हात जपाच्या गोमुखीत खुपसलेला. "लेकरांनी माझ्याभोवती कडं केलंय. पंख पसरून पडलीत, हा साष्टांग नमस्कार! चोची उघड्या आहेत, हा नामजप! ऐकू येणार नाही, कारण मनातल्या मनात चाललाय."

"मला ऐकू आला!" मारुती म्हणाला. मारुती परभणीकडचा, शेजारच्याच खोलीत राहणारा. बाबाला गल्लीत त्यानेच आणलं होतं.

"काय ऐकू आलं?" मागून लोटूआबांनी विचारलं.

"मनातल्या मनातलं."

लोटूआबांनी मान वर करून बल्बकडे पाहिलं. उषाबाईचे हे थोरले भाऊ. पस्तीस वर्षं उधन्यात लूम दुरुस्त करण्यात गेली. लूम बिघडला की आबा आधी कान लावायचे, मग हात लावायचे आणि मग पाना उचलायचे. लूमची आरती कुणीच करत नसे.

बहिणीने आठ दिवसांपूर्वी पिलं आणली तेव्हा आबा गावी गेले होते, ते आज सकाळी परतले. सोळा वर्षं साड्यांवर खडे चिकटवून उषाबाईचे डोळे अधू झाले होते. सुईत दोरा घालायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागे. आता हातात एकच धंदा उरला होता, ही दीडशे गावरान पिलं. ती वाढली तर पुढे तिचं तिला भागणार होतं.

पण पहिल्याच रात्री घात झाला. थंडी कडक आणि बल्ब छोटा, तोही उंच टांगलेला. पिलं एकमेकांवर चढून गोळा झाली आणि तळातली नऊ चेंगरून मेली. उषाबाई रडत बसली. मारुतीने फोकसबाबाला बोलावलं. बाबाने मोठा बल्ब लावला, त्याला अखंड ज्योत म्हटलं, वायरीला आपला फोटो बांधला आणि साड्या चढवायला सांगितल्या.

"आणि त्यानंतर किती गेली?" आबांनी बहिणीला मोरीपाशी गाठून विचारलं.

उषाबाईने मेलेली पिलं झाकलेल्या बादलीवरची गोणी जरा सरकवली. "सदतीस. मना पिल्लं मरी ऱ्हायनात, भाऊ. बाबा म्हणतो, मोक्षाला गेली, त्यांचा दर्जा वाढला."

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? सगळी दुनिया हात जोडते. मी एकटी कशी उठून बोलू?"

बाबा शाल आणि गोमुखी पाटावरच ठेवून चहाला उठला तशी आबांनी फटीतून आत हात घातला. हात बल्बजवळ न नेता खाली तुसापर्यंत नेला, पिलांच्या पाठीच्या उंचीवर. इस्त्रीच्या कारखान्यात शिरल्यासारखी झळ लागली. तूस ओलं आणि चिकट. त्यातून नवसागराचा असा भपका आला की आबांचे डोळे भरून आले.

"बघा, आबांनाही अश्रू आले!" मारुती हर्षाने ओरडला. "दर्शन घेतलं की सगळ्यांना येतात!"

"येतीलच. आठ दिवस कुणी तूस बदललेलं नाही."

बाबा परत येऊन शाल पांघरून बसला. हात पुन्हा गोमुखीत गेला. "आता लेकरं माझ्या पायाशी येणार," त्याने जाहीर केलं आणि आरती सुरू झाली. आबांनी आरती ऐकली नाही, बल्ब पाहिला. पहिल्या कडव्याला बल्ब पांढराशुभ्र होता. दुसऱ्या कडव्याला पिवळा पडला, तिसऱ्याला नुसता लालसर. लाइट कमी झाली म्हणावं तर भिंतीवरची ट्यूब तश्शीच जळत होती. उजेड उतरला तशी पिलं उठली, धडपडत थाळीकडे धावली आणि उपाशी माणसासारखी दाण्यावर तुटून पडली.

"आली! चरणाशी आली!" गर्दीने टाळ्या पिटल्या.

आरती संपली, बल्ब पुन्हा भडकला आणि पिलं दाणा तसाच टाकून कड्याकडे पळाली.

आबा स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले. भरतासाठी आणलेलं भलंमोठं हिरवं वांगं त्यांनी उचललं, गर्दीतून वाट काढली, फोटो सोडला आणि वायरीला वांगं बांधलं.

पुढच्या बायकांनी कानाला हात लावले.

"पाप्या!" बाबा कडाडला. "तू देवाच्या जागी वांगं टांगलंस?"

"हो ना. आता तुम्ही आरती म्हणा. पिलं तुम्हाला ओळखतात, वांग्याला कशाला भुलतील?"

"लेकरं रुसली! आता जागची हलणार नाहीत!"

"हलतील. फक्त तुमचा हात जरा बाहेर काढा."

"जप मोडतो!"

आबांनी गोमुखी धरली आणि ओढली. लूमचा अडकलेला धोटा उपसणाऱ्या हातापुढे बाबाचं काय चालणार? गोमुखी निघाली आणि तिच्या मागोमाग शालीखालून हातभर वायर बाहेर आली. वायरीच्या टोकाला गोल खटका होता, पंखा कमीजास्त करायला असतो तसा.

"बाबा, जपमाळेले वायर कसाले लागस?" आबांनी खास खानदेशी चौकशी केली.

"ती... ऊर्जेची माळ आहे."

आबांनी खटका उतरवला. बल्ब पिवळा झाला, लाल झाला. पिलं उठली आणि वांग्याखालच्या थाळीवर धावली. सगळी, एकूणएक.

मारुतीचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

"अरे, त्याला नमस्कार काय करतोस?" आबा म्हणाले. "त्याचं मला संध्याकाळी भरीत करायचंय."

कुणीतरी हसलं. मग कामरेजच्या टेम्पोतली पुष्पाबाई पुढे झाली, कंबरेवर हात ठेवून. "थांबा थांबा! हा आमच्याकडच्या मंडपवाल्याचा धर्मेंद्र! आमच्या योगिताच्या लग्नात स्टेजची लाइट याच्याकडे होती. वरमालेच्या वेळी मंद केली ती पुन्हा वाढवायलाच विसरला. नवरदेवाने अंधारात माळ मामाच्या गळ्यात घातली!"

आता खोली पत्र्यासकट हसली. बाबा शाल सावरत उठला. दारात उषाबाई उभी होती. आठ दिवसांत पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली.

"मरतात हे तुला माहीत होतं?"

"बाई, कोंबड्याच तर आहेत. आज ना उद्या..."

"वाढवून विकणं वेगळं आणि भाजून मारणं वेगळं. मी तुला रोज जेवू घातलं रे! चल, नीघ."

तो निघाला. त्याच्या अंगावर कुणी हात टाकला नाही. आबांनी त्याचं नाव, गाव आणि मंडपवाल्याचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला. चौकीत सांगायला लागणार होतं.

मग खोलीतल्या सगळ्यांनाच आबांनी कामाला लावलं. साड्या निघाल्या, त्या त्रेसष्ट भरल्या. खिडकी उघडली. ओलं तूस काढून कोरडं पसरलं. साठचा बल्ब लावून आबांनी तो वरखाली केला आणि दर वेळी पिलांच्या उंचीवर हात धरून पाहिला. दाणा आणि पाणी बल्बखालून काढून चार ठिकाणी ठेवलं. अर्ध्या तासात पिलं कड्यात सारखी पसरली. काही खात होती, काही पाण्यात चोच बुडवून मान वर करत होती, काही मान टाकून झोपली होती.

"आता तर ही काहीच करत नाहीत," मारुती निराश होऊन म्हणाला.

"मारुती," उषाबाई म्हणाली, "पिलं बरी असली की असंच करतात. खातात, फिरतात, झोपतात. गोळा झाली तर समज, गारठलीत. लांब पळून पंख पसरले, चोच वासली तर समज, तापलीत. पहिल्या हप्त्यात ऊब जास्त लागते, मग दर हप्त्याला थोडी कमी करत जायची. हे भाऊने आत्ता समजावलं, तेच मला आठ दिवसांपूर्वी कळलं असतं तर बादली भरली नसती. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारलं असतं तर फुकट कळलं असतं. मी विचारलंच नाही. हात जोडून बसले."

मारुतीने खाली पाहिलं. मग बाही सरसावून त्याने कड्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्याच्यामागे पुष्पाबाई उभी राहिली, तिच्यामागे उधन्याचे लूमवाले. एकेकाने हात घालून ऊब पाहिली.

त्यानंतर दोन पिलं गेली. बाकीची एकशेदोन जगली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. आठ दिवसांच्या पिलाला चटका बसला की ते सरकतं. तेवढी अक्कल त्याला अंड्यातून बाहेर येतानाच असते. त्या खोलीत तीच झळ, तोच वास शंभर माणसांना लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकही माणूस सरकला नाही. कुणी चमत्कार दाखवला तर आधी आपलं अंग काय सांगतंय ते ऐका, आत हात घालून बघा, आणि वायर कुठून येते ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा.