स्वच्छतागृहातून गेलेली गाडी

तिचं पत्र माझ्या शब्दकोशात बरेच दिवस पडून होतं. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिने कागदावर लिहिलं होतं : ‘काका, शेवटच्या वळणापर्यंत तो माझ्या मागे होता. मग त्याची वेळ कमी कशी? तेवढं बघून सांगा.’

ती गॅरेज चालवते, आणि शर्यतीत गाडीही पळवते. ‘तो’ म्हणजे माझ्या भाच्याचा मेहुणा. भाचा ट्रॅकचा मॅनेजर. हौशी लोक तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्या पळवतात, आणि त्यांच्या जीपीएसच्या नोंदी तपासून निकालावर सही करायचं काम त्याने माझ्या गळ्यात मारलेलं. मला गाडी चालवताही येत नाही. उभा जन्म ग्रंथालयात गेला. या वेळी ज्याची फेरी सर्वांत कमी वेळेची, त्याला ट्रॅकवर गाडी शिकवणाऱ्याची नोकरी मिळणार होती.

मी दोन्ही फेऱ्या संगणकावर, ट्रॅकच्या नकाशावर उघडल्या. तिची रेघ रस्ता सोडत नव्हती. मेहुण्याची रेघ शेवटच्या वळणाआधी रस्ता सोडून, गवतावरून, थेट पुरुषांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडली होती. त्याने जीपीएसचं यंत्र डिकीत, जादा चाकाखाली टाकलेलं. तिथे उपग्रह जेमतेम दिसतात; शेवटच्या वळणाआधी ते दिसेनासे झाले, ते समाप्तीरेषेच्या पुढे गेल्यावर सापडले. मधलं अंतर यंत्राने सरळ रेघेने जोडलं. वळणावर गाडी मंदावते हे यंत्राला कुठून कळणार? सगळा वेग सारखा धरून त्याने गाडी खऱ्या वेळेआधीच रेषेपार नेली.

माझंच चुकत असेल म्हणून मी पुन्हा तपासलं. मग भाच्याच्या खोलीत गेलो. मेहुणा तिथेच खुर्चीत पसरला होता. मी रेघ दाखवली.

“मामा, घाई लागली असेल हो त्याला,” भाचा म्हणाला.

दोघेही दात काढून हसले. मेहुणा तर टेबल बडवत होता. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. आणि माझेही ओठ हसायला फाकले होते. ते कळलं तेव्हा मी ओठ मिटले. त्यांची शिसारी आली, आणि त्यांच्यासोबत हसू पाहणाऱ्या या म्हाताऱ्याची जास्तच.

भाच्याने निकालाचा कागद पुढे सरकवला. “करा सही. गॅरेजवाली काही बोलणार नाही. आणि तुम्ही तर घरचेच.”

“चष्मा घरी राहिला,” मी म्हणालो. तो नाकावरच होता. कोणी काही बोलायच्या आत मी बाहेर पडलो.

घरी येऊन चार मसुदे फाडले. पाचव्यात एवढंच उरलं : ‘बाळ, तुझी वेळ खरी. दोन्ही रेघा सोबत आहेत. ट्रॅकच्या मालकांना दाखव; खाली माझी सही आहे. उशीर झाला.’

टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं घातलं आणि हात थांबला. बहीण काय म्हणेल? तेवढ्यात मेहुण्याचं ते हसू आठवलं. मी पाकीट आत ढकललं.