आई-वडिलांसह यावे

शेवगावच्या पुढं, कोरडवाहू पट्ट्यात एक गाव आहे. नाव सांगत नाही. ज्याला लागेल त्यानं आपलंच समजावं. सत्त्याण्णव साली त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर रविवारी सकाळी ‘कुटुंब वाचन’ चालायचं. चालायचं म्हणजे काय, रडतखडत चालायचं! ग्रंथपाल दीपा सतरंज्या अंथरून, गोष्टींची पुस्तकं मांडून बसायची आणि यायचं कोण? डॉक्टरांचं घर, बँकेतल्या साहेबांचं घर आणि हायस्कूलच्या एकदोन गुरुजींचं. महिनोन्‌महिने तीच तोंडं.

“फुकट मिळतंय तरी नको! या लोकांना गोडीच नाही,” असं दीपा कपाळाला हात लावून म्हणायची.

त्या रविवारीही ती अशीच वैतागून बसली होती. तेवढ्यात दारात भीमाबाई आली. विटकं लुगडं, अनवाणी पाय आणि बोटाला धरलेली तिसरीतली नात, जया.

“हितं गोष्टी सांगत्यात न्हवं? पोरीला आणलीया,” भीमाबाई म्हणाली.

“हिचे आई-वडील कुठे आहेत?”

“ते कारखान्यावर गेल्यात, ऊस तोडाया. दसऱ्यापासनं पोर माझ्यापाशीच हाय.”

दीपानं दारावरच्या फळ्याकडं बोट केलं. फळ्यावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आई-वडिलांसह यावे’. हा नियम तिनं उगाच केला नव्हता. आधी लोक पोरं वाचनालयात सोडून खुशाल बाजाराला जात आणि दुपार टळेपर्यंत फिरकत नसत. पण नियम एकदा केला की त्याच्यापलीकडं बघायचंच नाही, अशी आपल्याकडं रीत आहे.

“आजी, नियम सगळ्यांना सारखा. आई नाहीतर वडील, कुणीतरी पाहिजेच. त्यांना घेऊन या, मग बसा.”

भीमाबाई फळ्याकडं नुसती बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. जयाला येत होतं. तिनं ते वाचलं आणि आजीचा पदर ओढला. दोघी आल्या पावली परत गेल्या. आणि दीपा? रिकाम्या सतरंज्यांकडं बघून ती पुन्हा पुटपुटली, “लोकच येत नाहीत!”

आता हिला काय म्हणावं!

दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब आले. त्यांनी सरळच सांगितलं, “दीपाताई, पुढच्या रविवारी खोली भरलेली दिसली तर ठीक. नाहीतर पतसंस्थेला भाड्यानं देऊन टाकू. ते लोक माझ्या मागंच लागलेत.”

दीपाचं धाबं दणाणलं. गावात माणसं गोळा करण्याची ताकद कुणात असेल, तर ती बनाबाईंत. बौद्ध वस्तीतल्या विहारात त्या बालवाडी चालवत. त्यांच्या शब्दाला वस्तीतच नाही, सगळ्या गावात मान होता. मंगळवारी दीपा त्यांच्याकडं गेली.

“बनामावशी, येत्या रविवारी तुमच्याकडची माणसं पाठवा ना. खोली भरली पाहिजे.”

बनाबाई लेकरांना खिचडी वाढत होत्या. त्यांनी पळी खाली ठेवली. “माणसं पाठवा? सतरंज्या झाकायला व्हय?”

“तसं नाही हो मावशी...”

“मग कसं? भीमाबाईला म्याच पाठवली हुती तुमच्याकडं. पोर आयेच्या नावानं रडायची, हितं रमत नव्हती. म्हटलं, गोष्टींचा नाद लागला तर टिकंल, शाळा सुटायची न्हाई. तुमी दारातनं परत लावली! काल ऊसतोडीच्या मुकादमाच्या टेम्पोतनं गेली ती कारखान्यावर. आता धाकट्या भावाला कडंवर घिऊन फडात हिंडंल. झाली शाळा!”

तरी दीपा म्हणाली, “पण मी नियमाप्रमाणेच...”

“नियम कुणासाठी केला? दसऱ्यापासनं अर्धा गाव उसाच्या फडात. घरी ऱ्हातंय कोण? म्हातारी अन्‌ पोरं. मग ती कुटुंबं न्हाईत? आयबाप दोन्ही घरात असत्यात त्येंचंच कुटुंब व्हय? रविवारी बाजार असतो, तवा सकाळी तुमचा कार्यक्रम! अन्‌ बोलावणं फळ्यावर! ज्येला वाचता येत न्हाई त्येला लिहून बोलावताय, अन्‌ वर म्हणताय, लोकान्ला गोडी न्हाई!”

अहो, खोटं काय होतं त्यात? जे दीपाच्या डोळ्यांसमोर होतं ते या बाईनं तोंडावर मांडलं होतं. दोन वर्षं गावाला नावं ठेवली, पण कार्यक्रम कधी घेऊ, कसा घेऊ, हे गावाला एकदाही विचारलं नव्हतं! स्वतःचीच तिला चीड आली.

“मावशी, माझं चुकलं,” ती म्हणाली. “माणसं पाठवा असं म्हणत नाही. तुम्ही माझ्याबरोबर हा कार्यक्रम चालवाल का?”

“आता कसं बोललात!” बनाबाई म्हणाल्या.

फळा त्याच दिवशी पुसला गेला. कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची ठरली, डेअरीत दूध घालून झाल्यावरची. डेअरीचे सचिव सूर्यभान रोज दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी निरोप देऊ लागले. बनाबाई आपल्या बालवाडीसह येणार होत्या. दीपा स्वतः घरोघर फिरली. काही दारांत तिला ऐकूनही घ्यावं लागलं. ते तिनं ऐकून घेतलं.

रविवारी खोली खरंच भरली. आज्या आल्या, आजोबा आले. नवरा वारल्यापासून कुठं न जाणारी केशरबाई तिच्या लेकींना घेऊन आली. पायानं अधू असलेल्या चेतनला त्याच्या चुलत्यानं खांद्यावरून आणलं. दीपानं गोष्ट वाचली, तर एक आजोबा मध्येच म्हणाले, “आमच्यात ही निराळी सांगत्यात,” आणि त्यांनी ती सांगूनही टाकली. पोरं हसून लोळली.

आप्पासाहेब खूश झाले. “शाब्बास, दीपाताई! पतसंस्थेला नाही म्हणून कळवतो. खोली भरली!”

“नाही भरली, आप्पासाहेब,” दीपा म्हणाली. “एक पोर मी घालवलीय.”

सोमवारी भीमाबाई, बनाबाई आणि दीपा एस.टी.नं कारखान्यावर गेल्या. पाचटाच्या कोप्यांमध्ये, त्या झोपड्यांच्या गर्दीत, जया सापडली. कडेवर धाकटा भाऊ, हातावर उसाच्या पात्यानं कापल्याच्या रेघा. तिची आई लंकाबाई मोळ्या टाकून धावत आली.

“तुमच्या पोरीला मी दारातून परत पाठवलं. चूक माझी आहे. तिला शाळेत परत येऊ द्या,” दीपानं हात जोडले.

“तिला नेलं तर ह्या बारक्याला कोन बघंल, म्याडम?”

“त्येलाबी नेते,” बनाबाई म्हणाल्या. “माझ्या बालवाडीत बसंल. रातच्याला आजीपाशी.”

लंकाबाईनं बारक्याला कडेवर घेऊन उराशी धरलं. मग डोळे पुसून म्हणाली, “न्या. पर म्याडम, आमी आयबाप हितं उनात हाय म्हणून तिला कुनी कमी धरू नगा.”

परतीच्या गाडीत जया आजीला चिकटून बसली. दीपानं पुढं केलेलं चित्रांचं पुस्तक तिनं घेतलं नाही, शेवगाव येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली. तिचा राग रास्तच होता. तो जायला पुढं कितीतरी रविवार लागले, आणि त्यातला एकही दीपानं चुकवला नाही.

वाचकहो, लोक येत नाहीत म्हणून आपण सगळेच कुरकुरतो, वाचनालयात, शाळेत, ग्रामसभेत. एकदा आपल्या दारावर काय लिहिलंय ते वाचून बघा. लेकरू ज्याच्या बोटाला धरून येतं, ते त्याचं कुटुंब. ते कुटुंब पुरं की अपुरं, हे ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?