संडासाच्या भिंतीवरची लाल टोपीवाली

मित्रांनो, मी एका जुन्या साप्ताहिकाच्या ईस्टर अंकाचे मुखपृष्ठ आहे. माझ्यावर लाल टोपी घातलेली एक मुलगी बर्फातून स्कीवर निघाली आहे. नाक मुरडू नका, पण माझा मुक्काम नॉर्वेतल्या एका डोंगरावर, लाकडी संडासात आहे. आमच्याकडे सुटीच्या घराचा संडास चित्रांनी सजवतात. राजाराणीसुद्धा तिथेच टांगलेले असतात.

छापखान्यातून निघाले तेव्हा मला फार मिजास होती. आठवडाभर दुकानांच्या काचेत मिरवले. मग नवा अंक आला आणि माझे भाऊबंद चुलीत गेले. मला मात्र एका बापाने कणकेच्या खळीने इथल्या फळीवर डकवले.

त्याची दोन मुले, आइनार आणि तोरा. इथली बैठक दोन भोकांची. धाकटी तोरा एकटी यायला भ्यायची, म्हणून आइनार शेजारी बसायचा आणि लाल टोपीवाली आज कुठे पोहोचली ते सांगायचा. त्या दोघांवर माझा फार जीव होता.

दोघे म्हातारे झाले. हे घर तोराकडे आले. शहरात एकट्या राहणाऱ्या आइनारला जुनी मुखपृष्ठे जमवायचा नाद लागला. माझ्या चित्रकाराची सगळी ईस्टर मुखपृष्ठे त्याने चौकटीत घालून भिंतीवर ओळीने लावली. फक्त माझी दुसरी प्रत कुठे मिळेना, म्हणून माझी चौकट रिकामी होती. शेवटी एका ईस्टरला तो पातळ सुरी घेऊनच आला.

तोरा संत्रे सोलत दारात उभी राहिली. "निघणार नाही रे ते. बाबांची खळ आहे."

"हळूहळू निघेल. इथं कुजण्यापेक्षा माझ्याकडे काचेत राहील."

"आणि तिथं बघायला कोण येतं? नळ दुरुस्त करणारा?"

 आइनारची सुरी माझ्या कोपऱ्याखाली शिरली आणि मी टर्रकन फाटले. स्कीचे टोक त्याच्या बोटांत आले. मी घाबरले, पण त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता.

तोरा आत येऊन एका झाकणावर बसली. "तू शाळेसाठी शहरात गेलास, तेव्हा लाल टोपीवाली पुलावर होती. पुढचं तू सांगितलंच नाहीस मला."

 आइनार सुरी ठेवून शेजारच्या झाकणावर टेकला. "पुलावर ना? बरं, ऐक. पूल होता मोडका…"

थोड्या वेळाने तोराच्या नवऱ्याने दार ठोठावले. "अहो, गोष्टी घरात सांगा की. माझी इथं पंचाईत झालीय."

संध्याकाळी आइनारने कणीक कालवून तो तुकडा जागेवर डकवला. जोड दिसतो, पण मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या चित्रांना उन्हापासून, ओलीपासून जरूर जपा. पण कधीतरी कुणाला शेजारी घेऊन आमच्यासमोर बसाही. आइनार आता दर ईस्टरला येतो, बिनसुरीचा. त्याच्या भिंतीवरची ती चौकट अजून रिकामीच आहे. कुणी विचारले तर तो म्हणतो, "ती तोराकडे असते. गोष्ट अजून संपायचीय."