शह असताना

"ठेवा तो हत्ती जागेवर. तुमच्या राजाला शह आहे. शह असताना किल्लेकोट करत नाहीत," पोस्टमन म्हणाले.

कवळीवाल्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर कवळ्या घडवल्या. निम्म्या गावाचं हसू त्यांच्या हातचं, पण त्यांच्याशी हसून बोलणारं म्हणाल तर बायको गेल्यापासून कोणी नाही. म्हणून तर वाचनालयातल्या या टेबलापाशी ते रविवारचे नुसते बघत उभे राहायचे. आज निवृत्त पोस्टमनांचा नेहमीचा भिडू आला नव्हता. त्यांनी मानेनंच बसा म्हटलं, आणि कवळीवाले खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

"आमच्या घरी चालतं," कवळीवाले म्हणाले.

"तुमच्या घरी राजा उडतही असेल." भोवतालचे हसले. "अहो, राजा हा एकेक घर चालणारा प्राणी. एकदाच काय ती दोन घरं जायची मुभा, मग हत्ती त्याला ओलांडून पलीकडे पहाऱ्याला. पण ते संकट यायच्या आधी. शह बसल्यावर कसला कोट? तहान लागल्यावर विहीर खणायची का?"

कवळीवाले हरले. हरण्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण हा खेळ त्यांना बायकोनं शिकवला होता, आणि चारचौघांत तिचंच हसं झालं, हे मनाला लागलं. बिचारीला तेवढा एक नियम चुकीचा ठाऊक असेल. घरी येऊन त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"ताईला ठाऊक नव्हता?" मेहुणा म्हणाला. "दाजी, मला तिनंच शिकवलंय. शह असताना किल्लेकोट करायला गेलो की हातावर चापट बसायची."

"मग मला कशी करू द्यायची?"

मेहुणा घुटमळला. "आता सांगायला हरकत नाही. शह बसला की तुम्ही उठायचात. काम आहे म्हणून आतल्या खोलीत कवळ्यांच्या साच्यांकडे पळायचात. ती म्हणायची, मी आपला एक नियम काढलाय, माणूस तेवढाच आणखी थोडा वेळ समोर बसतो."

कवळीवाल्यांनी फोन ठेवला. याच नियमाच्या जोरावर ते तिच्याशी डाव जिंकत आले होते. गुरूला चेल्यानं मागे टाकलं म्हणून त्यांनी सासरी केवढा तोरा मिरवला होता! तिला खेळाचं काय पडलं होतं? तिला समोर माणूस हवं होतं. आणि नवरा बसल्या जागी जिंकण्याच्या नादात. त्यांना फार वाईट वाटलं. पण सांगायचं कोणाला? त्यांनी घरातले दिवे लावले.

पुढच्या रविवारी पोस्टमनांनीच हाक मारली. पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, कवळीवाल्यांची कळी खुलली, आणि त्या भरात डावही असा बसला की पोस्टमनांच्या राजाला शह लागला. पोस्टमनांनी डोकं खाजवलं, चष्मा खिशात टाकला.

"संपलं. दोन चालींत मात आहे. निघतो मी."

उन्हं अजून टेबलावर होती. टेबलाभोवती आज कोणी नव्हतं. इथून उठलं की पुढच्या रविवारपर्यंत तोंड उघडायचं ते फक्त जेवायला.

"किल्लेकोट करा ना," ते म्हणाले.

"शह आहे मला."

"असू द्या. मी काही म्हणणार नाही."

"फुकटची सूट नको बुवा. हरलो तर हरलो."

"सूट नाही हो," कवळीवाले म्हणाले. "तुम्ही बसावं म्हणून म्हणतोय."

पोस्टमनांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. काहीतरी त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. "बसलो असतो. पण सूनबाई चहाला थांबते. मी गेल्याशिवाय कप तोंडाला लावत नाही."

"मग जा, जा," कवळीवाले घाईनं म्हणाले. "तिला ताटकळत ठेवू नका."

पोस्टमन गेले. समोरची खुर्ची तिरकी राहिली. आपण उठून गेल्यावर बायकोही पटाकडे अशीच बघत बसत असेल. साच्यांच्या खोलीतून एकदाही मागे वळून बघितलं नाही आपण.

मग त्यांनी हात लांबवला, समोरचा राजा दोन घरं सरकवला, हत्ती त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला, आणि आता आपली चाल काय, याचा विचार करत बसले.