आपली चूक आपण लिहायची

निघोज्याच्या अलीकडे नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याचा करार म्हणे जगावेगळा. मालक, इंजिनिअर, सेंट्रिंगवाले, वायरिंगवाले, सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर. कुणी कुणाला नोटीस धाडायची नाही, फायदा झाला तर सगळ्यांचा, नुकसान झालं तर तेही सगळ्यांचं. सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधायचा ठेकेदार समाधान मूळचा लातूरकडचा. वीस वर्षं त्याने फक्त दमदाटीचे करार पाहिले होते. त्यामुळे गडी हरखलाच.

साइट ऑफिसच्या भिंतीवर दर सोमवारी ज्याने त्याने आठवड्याचं काम चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं. शनिवारी जे राहिलं त्याचं कारण लिहायचं. वेळ वाया न घालवण्याची ही नवी पद्धत, तिला लीन म्हणतात, असं ओंकार सांगायचा. ओंकार म्हणजे हा सगळा कारभार बघणारा निगडीचा तरुण इंजिनिअर.

"नियम एकच आहे, दादा. आपली चूक आपण लिहायची, दुसऱ्याची नाही. इथे कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही."

पोराची जीभ अशी गोड की समाधानसारखा मुरलेला माणूसही विरघळला. पहिली शेड वेळेत झाली की दुसरीचं कामही तुमच्याच टोळीला, असा शब्दही ओंकारने दिला. बावीस माणसांनी त्या शब्दावर निघोज्यात खोल्या घेतल्या, पोरं तिथल्या शाळेत घातली.

ऑगस्टमध्ये टोळीने मशिनच्या पायाच्या आखणीची दोरी चुकीच्या खुणेला बांधली. पाया चार बोटं सरकला, फोडून पुन्हा करावा लागला. समाधान चिठ्ठी घेऊन बसला तसा टोळीतला चिमाजी मिस्त्री कळवळला.

"कशाला लिव्हायलाव, मालक? झालं की नीट. गप बसा."

"आरं, करारच तसा हाय," समाधान म्हणाला आणि त्याने लिहिलं, 'दोरी चुकली. चूक माझी. तीन दिवस गेले.' ओंकारने ती चिठ्ठी सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवली.

पुढच्याच महिन्यापासून मशिनच्या पायाचा बदललेला नकाशा ओंकारकडे पाच आठवडे पडून राहिला. त्याच्याविना टोळी हातावर हात ठेवून बसली. ओंकारने चिठ्ठीवर लिहिलं, 'पाऊस.' समाधानने ते वाचलं. पण दुसऱ्याची चूक लिहायची नाही, हा नियम. आज ना उद्या पोरगं स्वतःच लिहील, असं त्याला मनापासून वाटलं. भोळा कुठला!

डिसेंबरात मशिनं दारात आली आणि शेड अर्धीच होती. मालकाकडून तेजस्विनी मॅडम आल्या. ओंकारने पडद्यावर सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो लावले. पाऊस, वीज, परवानगी, पुन्हा पाऊस. चूक कबूल केलेली चिठ्ठी एकच.

"म्हणजे उशीर सेंट्रिंगमुळे झाला," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या शेडला दुसरी टोळी बघा."

समाधान उठला. "तीन दिवस माझे, मॅडम. नकाशाचे पाच आठवडे कुणाचे?"

"ते कुठल्या चिठ्ठीवर आहे?"

समाधानने ओंकारकडे पाहिलं. ओंकार लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत होता आणि ते त्याला बराच वेळ सापडत नव्हतं. मेलं तोंड वर करायची हिंमत नव्हती त्याच्यात. शत्रूने गळा धरला असता तर समाधानने हिसका तरी दिला असता. इथे त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं.

तो बाहेर आला. फाटकाशी टोळी थांबली होती. काय झालं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. पोरांच्या शाळेचं वर्ष मध्येच तुटणार होतं, एवढं सगळ्यांना कळलं.

मागून ओंकार धावत आला आणि त्याने समाधानचा हात धरला.

"दादा, मनावर घेऊ नका. माझा नाइलाज होता. पण पुढच्या साइटला मी तुम्हालाच बोलावणार. तुमच्याइतका खरा माणूस मला मिळाला नाही."

समाधानने त्याचा हात शांतपणे सोडवला.

"म्हंजे तिथंबी चूक लिहून द्यायला कुणीतरी लागंलच की तुमाला," तो म्हणाला आणि टोळीला सामान बांधायला सांगितलं.