चौघींनी धरायचं, चौघींनी सरकायचं

संक्रांतीनंतर कंग्राळीच्या आणि कडोलीच्या बायकांची रस्सीखेच व्हायची, आणि हरलेल्यांच्या म्होरकीनं जिंकलेलीची ओटी भरायची, असा रिवाज. कंग्राळीची म्होरकी अंबुबाई, कडोलीची तिची सख्खी धाकटी बहीण जयाबाई. गेल्या वर्षी ओटी भरून घेताना जयाबाई चारचौघींत बोलून गेली, "आक्का, सासरचं जेवाण अंगाला लागंना व्हय?" ते अंबुबाईच्या असं जिव्हारी लागलं की वर्षभर तिनं बहिणीचा फोनसुद्धा उचलला नाही. यंदा जिंकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

पुतणी नीलम बेळगावात फिजिओथेरपी शिकत होती. सरावाच्या वेळी बांधावर पुस्तक घेऊन बसायची.

"स्नायूचं शिकतीस न्हवं? मग सांग, आमच्या दंडात काय कमी हाय?"

"कमी काय न्हाई, काकू. दंडात लई बारीक दोऱ्या असत्यात, जाड आन् पातळ. जाड दोरीला इवले इवले हात. ते पातळ दोरीला धरत्यात, ओढत्यात, सोडत्यात, परत पुढं धरत्यात. दोरी आखूड होत न्हाई, नुसती सरकती."

"आन् सगळ्या हातांनी एकदम सोडलं तर?"

"एकदम सोडतच न्हाईत. थोडे सोडत्यात, तवर बाकीचे धरून असत्यात."

अंबुबाईनं कपाळावर हात मारला. 'हय्या' म्हटलं की कंग्राळीच्या आठही जणी एकदम पाय उचलायच्या, आणि कडोलीकरणी नेमका तेव्हाच हिसका द्यायच्या!

यंदा कंग्राळीनं 'हय्या' म्हटलंच नाही. चौघींनी पाय रोवायचे, चौघींनी मागं सरकायचं, मग आलटून पालटून. कडोलीच्या बायका हिसक्याची संधी शोधत राहिल्या आणि तशाच रेषेपार ओढल्या गेल्या.

जयाबाई खण, नारळ आणि गूळ घेऊन आली. अंबुबाई पदर पसरायला गेली, तर बोटं दोरीवरून सुटेचनात.

"नीलम, अगं ह्ये काय झालं?"

"त्या इवल्या हातांना सोडायलाबी ताकद लागती, काकू. तुमची सगळी ओढण्यात गेली!"

मैदानभर हशा पिकला. जयाबाईनं नारळ खाली ठेवला, आक्काच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायला लागली. लहानपणी थंडीत अंबुबाई तिची बोटं अशीच चोळायची. दोघींनाही ते आठवलं.

"फोन का उचलत न्हवतीस गं?"

"तुझं बोलणं लई लागलं हुतं."

"चुकलं माझं, आक्का." जयाबाईनं शेवटचं बोट मोकळं केलं. "हं, आता पदर पसर."

अंबुबाईनं पदर राहू दिला आणि आधी बहिणीला पोटाशी धरलं.