बटणची आई

कोर्टाच्या इमारतीत आईबापांना मुलं भेटवायची एक खोली असते. भिंतीवर हसरे ससे, कोपऱ्यात प्लॅस्टिकची घसरगुंडी, छताला कॅमेरा. तिथं हसतात ते फक्त ससे.

सुनावणीआधीची ही शेवटची भेट. आज चिमुरडी बटण आईजवळ गेली, तर जज्जसाहेब तिला घरी धाडतील. नाही गेली, तर ती मावशीकडेच राहील. ज्या पोरीला अजून बुटाचे बंद बांधता येत नाहीत, तिनं चार पावलं टाकायची की नाही, यावर सगळा निकाल. याला म्हणे न्याय!

आईनं दारू सोडली होती. खरंच सोडली होती. व्यसनमुक्ती केंद्रातून आली ती लॉन्ड्रीत कामाला लागली, इस्त्री धरताना हात थरथरायचा थांबला, गाल भरले. आज केस नीट विंचरून, ताठ बसली होती.

बटण दाराला पाठ लावून उभी.

"ये ना गं. मी आई."

"तू नाहीस."

"मग कोण आहे मी?"

पोरीनं तिला खालून वर न्याहाळलं. "माहीत नाही. तू तिचा आवाज काढतेस."

देखरेखीला बसलेल्या समुपदेशक बाई कसनुसं हसल्या. "मुलं रुसतात हो. धीर धरा जरा."

रुसवा कसला डोंबलाचा! पोर भ्यायली होती. तिनं बाईंनाच विचारलं, "माझी आई कुठंय? ती खाली असते. फरशीवर."

डोकं चालायच्या आत आईचं अंगच चाललं. ती खुर्चीवरून उतरली आणि फरशीवर उताणी पडली. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. अंग काही विसरलं नव्हतं.

बुटांची चाहूल जवळ आली. एक छोटं बोट नाकाखाली येऊन थांबलं. बोटाला श्वास जाणवल्यावर हललं. मग दोन चिमुकल्या हातांनी खांद्याला रेटा दिला, तिला कुशीवर वळवलं, ओकारी घशात अडकू नये म्हणून तोंड खाली केलं. मुरलेल्या नर्ससारखं, सगळं सराईत. मग पोर तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

"आलीस," ती म्हणाली आणि गुणगुणायला लागली.

ती ऊब! आईला वाटलं, आता उठूच नये.

"अहो, हे काय चालवलंय? उठा! शुद्धीत आहात ना?" बाई ओरडल्या.

"ती प्यायलेली नाहीये," बटण म्हणाली. आवाज थंड, मोठ्या माणसाचा. "दमलीय. झोपलीय. तुम्ही उद्या या."

बाई जागच्या जागी थिजल्या. पोरीला न्यायला पहिल्यांदा घरी गेल्या, तेव्हा दारात हेच ऐकलं होतं त्यांनी, याच आवाजात. तेव्हा ते आईनं पढवलेलं खोटं होतं. आज ती खरंच प्यायलेली नव्हती, आणि विश्वास कोण ठेवणार होतं?

आईला मात्र दुसरंच कळून चुकलं. कोर्टानं पोर दिली, तरी ती शुद्धीतल्या आईच्या पदरात पडणार नव्हती. ती या पडलेल्या बाईला मिळणार होती. आणि मग हिला रोज पडून राहावं लागणार होतं.

ती उठून बसली.

पोर किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मागं सरकली आणि मोकळ्या फरशीकडे बघत राहिली.

"बाई," हळूच म्हणाली, "हिनं तिला कुठं नेलं?"



"तिला मावशीकडेच राहू द्या," आई म्हणाली. "माझं म्हणणं म्हणून लिहून घ्या. मी भेटीला येत जाईन."

"पण ती जवळ आली नाही तर?" बाईंनी विचारलं.

"तरी येईन. अशीच बसेन, डोळे उघडे ठेवून."

बटण गुडघ्यांवर बसून तळहातानं फरशी चाचपत होती. जिथं अजून कोमट होती, तिथं.